साऊंडच्या कामात आपली मुले

(वाशीम येथे सहाय्यकांच्या तिमाही सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या वेळी शिक्षणाच्या मदतीसाठी आलेल्या अर्जांत नर्सिंग, डी.एड., शिलाई मशीन अशी नेहमीची नावे होती. एक अर्ज वेगळा निघाला. मानोरा तालुक्यातल्या आंध समाजाच्या एका मुलाने ‘साऊंडचे शिक्षण’ असे लिहिले होते. समितीत लगेच प्रश्न आला, की मंडळीच्या दानाचा पैसा डीजेसाठी द्यायचा का? प्रश्न रास्त आहे. त्याच्याच बापाने मला विचारले, “भाऊ, ह्या कामात पोट भरते का?”

हा मुलगा दोन लग्नसराया मंडपवाल्याकडे राबला. पेट्या चढवायच्या, वायरी ओढायच्या, जनरेटर सांभाळायचा, रात्रभर जागायचे. मिक्सरला हात लावायचा नाही. तरी बघून बघून तो शिकला. माइक शिट्टी का मारतो, हे त्याने मला सांगितले: पेटीतून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो आणि परत शिरतो. आपल्या उपासनेत शिट्टी आली की आपण सगळे हात हलवून ‘आवाज कमी करा’ म्हणतो. जाणता माणूस आधी पेटीची आणि माइकची जागा बदलतो. पाळकांचा उपदेश मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजीला नीट कळणे न कळणे पुष्कळदा एवढ्यावर असते.

पोट भरते का, याचे सरळ उत्तर असे, की नुसत्या लग्नसराईवर भरत नाही. पावसाळ्यात हा धंदा बसतो. म्हणून मी त्याला आधी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड सुचवला आहे. अॅम्प्लिफायर दुरुस्त करता येणारा माणूस आषाढातही कमावतो, आणि अर्थिंग समजणारा माणूस मंडपात शॉक लागून मरत नाही. त्याने बारावी सायन्समधून केली आहे, हेही चांगले झाले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे 1960 साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झालेल्या संस्थेत, ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी पदवी आणि बारावीपर्यंत फिजिक्स अशी अट राहत आली आहे. पदवी मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही करता येते. याच संस्थेत शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलिअनेअर’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले. केरळातल्या त्यांच्या गावी वीज नव्हती, ते कंदिलावर शिकले. प्रत्येक मुलगा तिथे पोहोचेल असे मी म्हणत नाही. पण अकरावीला फिजिक्स सोडले की ते दार बंद होते, आणि ही गोष्ट आपल्या पाड्यांवर, तांड्यांवर कोणी सांगत नाही.

आता जी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते ती बोलतो. कानांची. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागेसाठी सांगितली जाणारी मर्यादा आहे. पुढे दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटे! वरातीत पेटीला टेकून चालणारे पोरगे चार-चार तास त्याहून मोठ्या आवाजात असते. आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मार्काच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला बरे करण्यापूर्वी प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो, हे मला या मुलांकडे पाहून नेहमी आठवते. आणि आवाजाच्या कामात कान गेला की धंदाच गेला. मेडिकलमध्ये मिळणारे कानातले साधे बोळे किती स्वस्त आहेत, पण ते घातले की बाकीची पोरे हसतात.

दुसरीही एक बाजू आहे. ग्रियर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा नमुन्यासाठी निवडलेला मुख्य मजकूर होता लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. भाषेमागून भाषेत तोच दाखला सांगून घेतला गेला, आणि 1913 ते 1929 या काळात ग्रामोफोनच्या तबकड्याही मुद्रित झाल्या. 1906 च्या खंडात कोलामीसोबत, तेव्हा बाशीम म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यात असलेल्या पुसद तालुक्यातल्या भिल्लांच्या बोलीची नोंद आहे. ते काम बाहेरच्यांनी केले. आज आपल्या शेजारच्या यवतमाळात कोलामी बोलणारी म्हातारी माणसे आहेत, आणि मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पण भाषा न कळणारा माणूस रेकॉर्डिंग कापायला बसला, तर शब्द कुठे संपतो हेच त्याला कळत नाही. श्वास समजून तो अक्षर छाटतो. तिथे पाड्यावरचाच मुलगा किंवा मुलगी हवी. मुलगी म्हटले ते मुद्दाम. हे काम पेट्या उचलण्याचे आहे या समजुतीने मुलींना कोणी विचारतच नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. जुने स्पीकर कृपया पाठवू नका, ते आम्हाला भंगारात द्यावे लागतात. एक चांगला हेडफोन आणि एक सेकंडहँड लॅपटॉप पुरे. आवाज कापण्या-जोडण्याचे ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ज्या मंडळ्यांत मिक्सर आहे त्यांनी आपल्या वसतिगृहातल्या एकाला रविवारी त्याच्याजवळ बसू द्यावे, नुसते वायरी गुंडाळायला नव्हे. आणि कोणाच्या ओळखीत आकाशवाणीत किंवा स्टुडिओत काम केलेले निवृत्त गृहस्थ असतील, तर त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा.

अर्ज अजून समितीपुढे आहे. आयटीआयचे प्रवेश निकालानंतर सुरू होतात आणि लवकर भरतात. त्याआधी बैठक व्हावी, एवढी विनंती.