सायकल कुणाची?

पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली सायकलवर जगाच्या फेरीला निघाली, बहुतेक वाट एकटीनं. १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर! म्हणजे रोज नांदेडहून निघून लातूर गाठायचं आणि औशाच्याही पुढं जायचं. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. तरी पोरीनं फेरी पुरी केली.

ऐकून मलाच लाज वाटली. माझ्या लेकीला आठवीत मानव विकासची सायकल मिळालेली. दहावी झाली अन् तिला दुधाचे कॅन लागले. लेक घरी, का, तर कॉलेज सात किलोमीटर, रस्ता सुनसान. काल मीच कॅन सोडले, पंक्चर काढून आणलं. मालक म्हणाले, "मग दूध कशावर न्यायचं?" म्हटलं, "बघू. आधी ती जाऊ द्या."