साथीच्या दिवसांत शाळा आणि घर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कुळगाव येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांच्या कौतुकाचे चार शब्द बोलावेत अशी आपली अपेक्षा असणार. ते कौतुक मी मनःपूर्वक करतो. परंतु ज्याचे सारे आयुष्य शाळेत गेले, त्याच्या मनात या मुलांकडे पाहताना आणखी एक विचार येतो. यांतील पुष्कळ मुले २०२० साली प्राथमिक वर्गांत होती. त्या वर्षी शाळेचे दार बंद झाले, आणि मुलाचे शिक्षण किती अंशी शाळेत होते व किती अंशी घरात, हे आपणां सर्वांस प्रथमच उघड्या डोळ्यांनी दिसले. पुन्हा तसा प्रसंग आला तर शाळेने घरासाठी काय करावे, याविषयी आज थोडे बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपले कुळगाव हे गाडीच्या वेळापत्रकावर जगणारे गाव आहे. घरचा कर्ता पुरुष, आणि अलीकडे गृहिणीही, पहाटेची गाडी धरून मुंबईस जाते व दिवेलागणीनंतर परतते. मार्च २०२० मध्ये ती गाडीच थांबली. १५ जूनला ती पुन्हा सुरू झाली, तीही केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी. सामान्य प्रवाशास ठराविक वेळेत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. या अवधीत कित्येक घरांची मिळकत बंद झाली. ज्या घरांतील माणसे रुग्णालयांत वा पालिकेत कामावर जात होती, त्या घरांना शेजाऱ्यांची संशयी नजरही सोसावी लागली. अशा घरातील मुलाला आपण मोबाइलच्या पडद्यावर अपूर्णांक शिकवीत होतो!

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये माझ्या वर्गातील एक मुलगा सलग नऊ दिवस तासास आला नाही. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडली आणि ‘अभ्यासात हयगय होत आहे’ असा संदेश त्याच्या वडिलांच्या क्रमांकावर धाडला. ते गृहस्थ चार दिवसांपूर्वीच निवर्तले होते. संदेश वाचला तो मुलाच्या आईने. पुढे भेट झाली तेव्हा त्या माउलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. “सर, घरात फोन एकच. तो यांच्याबरोबर रुग्णालयात होता,” एवढेच ती म्हणाली. माझ्यापाशी त्या मुलाचे सर्व गुण नोंदलेले होते. त्याच्या घरात फोन किती, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

बंधुभगिनींनो, या एका अज्ञानात सारा प्रश्न सामावलेला आहे. संकट आल्यावर घराची ओळख करून घेऊ म्हटले तर ती होत नाही. ती आधीच झालेली असावी लागते. याची साक्ष आपल्या इतिहासातच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला, तेव्हा सरकारने गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती घेतली. हेतू रोगी शोधून काढण्याचा होता. परिणाम उलटाच झाला. भयाने लोक आपले रोगी लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉक्टर यशवंतराव यांच्यासह पुण्याबाहेर रुग्णसेवा आरंभिली. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. १८४८ पासून मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेली ही शिक्षिका होती. जे दार शिपायाच्या धाकाने लागते, ते ओळखीच्या हाताने उघडते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हाही अनेक ठिकाणी शिक्षकच घरोघर फिरले.

शाळेने मनात आणले तर साधने थोडी असूनही पुष्कळ करता येते. सोलापूरच्या नीलमनगरात कामगारांची वस्ती आहे. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. ज्या मुलापाशी मोबाइल नव्हता, त्याला गल्लीतच फळा मिळाला. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून सुरू झाली. शालेय पोषण आहाराचे तांदूळ व डाळी कोरड्या शिध्याच्या रूपाने पालकांच्या हाती देण्यात आल्या. शाळा म्हणजे केवळ इमारत नव्हे, हे यावरून दिसून येते.

मग आपण काय करावे? मला चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट, प्रत्येक मुलामागे शाळेने घराचा एक कागद ठेवावा. घरात माणसे किती, वृद्ध वा आजारी कोण, फोन किती व तो कोणत्या वेळी घरी असतो, आणि अडचणीत कोणत्या शेजाऱ्यास वा आप्तास कळवावे, एवढे त्यावर असावे. हा कागद दर जूनला नवा व्हावा आणि वर्गशिक्षकाबाहेर कोणाच्या हाती जाऊ नये.

दुसरी गोष्ट, संकटकाळी प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस घरे सोपवावीत. आठवड्यातून एकदा त्याने बोलावे. आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा नसावा. ‘घरी सर्व बरे आहेत ना? शिधा आहे ना? औषध मिळते ना?’ हे विचारून झाल्यावरच गृहपाठाकडे वळावे. अफवांच्या बाजारात शाळेचा एक खात्रीचा, सोप्या भाषेतला निरोपही मोठे काम करतो.

तिसरी गोष्ट, पालकसभा गाडीची वेळ पाहून घ्याव्यात. सकाळी अकराला बोलावलेल्या सभेस दादरला कामावर असलेला बाप यावा कसा? रविवारी सभा घेतली तर तो येईल, आणि शांततेच्या दिवसांत जडलेली ओळख साथीच्या दिवसांत उपयोगी पडेल.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ज्या घरात मृत्यू झाला, तेथे शाळेने जावे. कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या बालकाच्या नावे राज्य सरकारने २०२१ साली पाच लक्ष रुपयांची ठेव ठेवण्याचे ठरविले. एक पालक गेलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना होती. परंतु दाखले जमविणे, अर्ज भरणे, कचेरीच्या पायऱ्या चढणे, हे दुःखात बुडालेल्या बाईला कोणी समजावून सांगावे? तिच्या मुलाच्या शिक्षकाहून योग्य माणूस मला दिसत नाही. आणि फी थकली म्हणून अशा मुलाचा तास कोणत्याही शाळेने तोडू नये.

या कामी आपल्या मंडळाचाही वाटा आहे. आपण दरवर्षी वह्या वाटतो, शिष्यवृत्त्या देतो; ते स्तुत्यच आहे. त्याच निधीतून थोडा भाग साथीच्या प्रसंगासाठी बाजूस काढावा, आणि तो शाळांच्या हाती देताना मुलाची ज्ञात विचारू नये, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्ञातिसंस्था आपल्या माणसांस आधार देण्यासाठी जन्मास आल्या हे खरे. परंतु रोग उंबरठ्यावर ज्ञात विचारून थांबत नाही, तर आपली मदत तरी तेथे का थांबावी?

तो मुलगा पुढे दहावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाला. त्याचे श्रेय त्याच्या आईचे आहे, माझे नव्हे. यापुढे कोणा शिक्षकाला माझ्यासारखी खंत बाळगावी लागू नये, एवढ्यासाठीच हे बोललो.