मुस्लिम तरुणांची लेखणी : अंतःकरण आणि अक्षर

(शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते आणि पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



मुस्लिम तरुणांमध्ये अध्यात्माची ओढ आणि चांगल्या लेखनाची आवड कशी वाढीस लागेल, या विषयावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. वरवर पाहता हे दोन विषय वाटतात. माझ्या मते तो एकच विषय आहे. तसे का वाटते हे सांगण्यासाठी एक लहानसा अनुभव आपल्यापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका निबंध स्पर्धेचा परीक्षक म्हणून काम करण्याचा योग आला होता. विषय होता, ‘माझा आवडता सण’. एका मुस्लिम विद्यार्थ्याने दिवाळीवर निबंध लिहिला होता. शुद्धलेखन निर्दोष, पणत्या, रांगोळी, उटणे सारे यथास्थित. परंतु त्याच्या स्वतःच्या घराचा उंबरठा त्या निबंधात कोठेच नव्हता. समारंभानंतर मी त्याला जवळ बोलावून कारण विचारले. तो म्हणाला, “साहेब, ईदेवर लिहिले की फित्रा, सहेरी असे शब्द येतात. मागे एकदा लिहिले होते, तर त्यांच्याखाली तांबड्या शाईच्या रेघा आल्या.”

मी त्याला ईद तोंडी सांगण्यास सांगितले. तेव्हा त्याने आपल्या आजीची हकीकत सांगितली. ईदेच्या नमाजापूर्वी फित्र्याचे धान्य गरजूंच्या घरी पोहोचावे लागते. आजी ते भल्या पहाटे, अंधारातच नेऊन ठेवीत असे. उजेडी दिले तर घेणाऱ्याची मान खाली जाईल, असे ती म्हणे.

मित्रहो, आजीच्या त्या एका बोलण्यात अध्यात्मही होते आणि साहित्यही होते. बक्षिसासाठी लिहिलेल्या निबंधात मात्र दोन्ही नव्हते. जे आपण पाहिले, अनुभविले, ते लिहिण्याचे धैर्य आले की लेखन चांगले होते. आणि स्वतःशी खोटे न बोलण्याची सवय लागली की अध्यात्माचा आरंभ होतो. सूफी परंपरेत आपल्या दिवसभराच्या वर्तनाचा आपणच हिशेब घेण्याच्या साधनेला ‘मुहासबा’ म्हणतात. लेखक कागदापुढे बसून याहून वेगळे काय करतो?

या दृष्टीने आपल्याच भूमीतील एक उदाहरण मननीय आहे. वेरूळच्या लेण्यांपासून जवळच असलेल्या खुलताबाद येथे अमीर हसन सिज्जी या फारसी कवीची कबर आहे. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे ते शिष्य. गुरूंच्या बैठकीत जे ऐकले ते त्यांनी 1308 पासून सुमारे पंधरा वर्षे टिपून ठेवले. तोच ‘फवाइदुल फुआद’ हा ग्रंथ. ही टिपणे गुरूंनी पाहिली, तेव्हा त्यांत काही ठिकाणी कोरी जागा आढळली. विचारता हसन यांनी सांगितले, की पुढील शब्द नीट लक्षात राहिले नव्हते. गुरूंनी मग ते शब्द स्वतः सांगितले. हसन सिद्धहस्त कवी होते. ती जागा सुंदर शब्दांनी भरणे त्यांना कठीण नव्हते. तरीही त्यांनी ती कोरी ठेवली. ही कोरी जागा मला लेखनातील सचोटीची खूण वाटते.

दुसरे उदाहरण मराठीतील. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे येथे शेख महंमद या संतकवींची समाधी आहे. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ 1645 मध्ये पूर्ण झाला. अंतरंगातील विकारांशी चाललेल्या लढ्याला त्यांनी युद्धाचे रूप दिले आणि त्यासाठी सर्वसामान्यांची मराठी निवडली. जन्माने मुसलमान असलेल्या या कवीला वारकऱ्यांनी आपल्या संतांत स्थान दिले. अलीकडच्या काळात बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी आपल्या आवाजाने महाराष्ट्र जागविला, हमीद दलवाई यांनी ‘इंधन’सारखी कादंबरी लिहिली, संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांनी 1990 मध्ये पुणे येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. या सर्वांची मते एकसारखी नव्हती. दलवाईंचे विचार तर अनेकांना मुळीच रुचले नाहीत. परंतु प्रत्येकाने स्वतःला जे सत्य वाटले तेच लिहिले अथवा गायिले.

इतका मोठा वारसा असताना आपण मुस्लिम मुलाला काय म्हणतो? “वा, तुझे मराठी किती चांगले आहे!” यात कौतुक असते, हे खरे. पण त्याच गावात जन्मलेल्या मुलाला त्यातून ‘ही भाषा तुझी नव्हे’ असेही ऐकू जाते. वस्तुतः आपण कचेरीत रोज वापरतो ते अर्ज, तारीख, जमीन, हक्क, कागद हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले आणि मराठीच झाले. ज्या शाईने ‘फित्रा’ या शब्दाखाली रेघ ओढली गेली, ती ‘शाई’देखील फारसीतूनच आलेली आहे.

शासनाचे काम कोणाला धर्म शिकविण्याचे नाही. ते घराचे आणि ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे क्षेत्र आहे. परंतु मनातले निर्भयपणे लिहिता येईल अशी जागा निर्माण करणे, हे आपणा सर्वांचे काम आहे. त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवितो.

शिक्षकांनी मुलांच्या घरातील शब्द चूक न मानता त्यांचा अर्थ विचारावा. सारा वर्ग तो शब्द शिकेल. ‘राष्ट्रीय ऐक्य’ या विषयावर लिही, असे मुस्लिम मुलालाच मुद्दाम सांगू नये; त्याला आजीवर, विहिरीवर, वडिलांच्या दुकानावर लिहू द्यावे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळते. अशा ग्रंथालयांतून ‘योगसंग्राम’, कुरआनाचे मराठी भाषांतर आणि मुस्लिम लेखकांची मराठी पुस्तके सहज हाती येतील अशी ठेवावीत. पंचायतीने महिन्यातून एक वाचनसभा भरवावी आणि तिची वेळ मुलींना सोयीची असावी. मुली आल्या नाहीत, तर गावातील निम्म्या अनुभवाला वाचा फुटणार नाही.

आणि तरुण मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगतो. कुरआनातील 68 व्या सूरेचे नावच ‘अल्-कलम’, म्हणजे लेखणी, असे आहे. लेखणीचा असा मान ज्या परंपरेत आहे, तिचे तुम्ही वारस आहात. एक वही करा. घरातील वडीलधाऱ्यांचे बोल तीत टिपा. लिहून झाल्यावर स्वतःला विचारा, की हे मी टाळीसाठी लिहिले की खरे आहे म्हणून? जे ठाऊक नाही तेथे हसन सिज्जींप्रमाणे जागा कोरी सोडा. ती भरणारा कोणी ना कोणी भेटेल.

त्या मुलाने पुढे आजीवर लिहिले की नाही, हे मला समजले नाही. माझ्या वहीत ती जागा कोरीच आहे. परंतु पुढच्या स्पर्धेत त्याच्यासारखे एखादे मूल ईदेवर लिहील आणि ‘फित्रा’ या शब्दाखाली रेघ येणार नाही, एवढी व्यवस्था आपण येथे बसलेली माणसे निश्चित करू शकतो.