गुलाब आणि प्रीति



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपण वेदी गुलाबांनीं शृंगारिली आहे. गुलाब हें प्रीतीचें चिन्ह होय, हें सर्वांस विदित आहे. प्राचीन ग्रीक लोक तें आफ्रोदिती देवीचें फूल मानीत. मरणोन्मुख अदोनिसकडे धांवतांना तिच्या पायांत कांटा रुतला व तिच्या रक्तानें पांढरा गुलाब तांबडा झाला, अशी त्यांची एक कथा आहे. प्रीति वेदनेवांचून नसते, हें सुवार्ता कानीं न पडलेल्यांनाहि उमगलें होतें.

आपण जिला रोझरी म्हणतों त्या शब्दाचें मूळ गुलाबांची बाग या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. आणि त्या बागेंतहि आनंदाच्या रहस्यांशेजारीं दुःखाचीं रहस्यें गुंफिलेलीं आहेत.

परंतु या चिन्हाचें मर्म फ्रान्स देशांतील लिज्यूच्या संत तेरेजेनें विशेष उकलून दाखविलें. १८८८ सालीं, पंधरा वर्षांची असतां, ती कार्मेल मठांत शिरली. अंगणांतील क्रूसापाशीं ती गुलाबाच्या पाकळ्या उधळीत असे. १८९७ च्या मे महिन्यांत, क्षयानें देह झिजत असतां, तिनें गुलाबावर एक काव्य रचिलें. त्याचा आशय असा कीं, वेदीवरील टवटवीत फूल शोभिवंत खरें, पण आपणांस व्हावयाचें तें पाकळ्या गळालेलें फूल. गळालेल्या पाकळ्या कोणी मांडून ठेवीत नाहीं. त्यांवरून लोक चालत जातात. त्याच वर्षीं ३० सप्टेंबर रोजीं ती निवर्तली. १९२५ सालीं अकरावे पायस यांनीं तिला संतपद दिलें व १९२७ सालीं मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविलें. मठ सोडून ती कोणत्याहि मिशनक्षेत्रांत गेली नव्हती!

बंधुभगिनींनो, या स्मरणिकेंत देणगीदारांचीं नांवें येतील, आणि तें योग्यच आहे. परंतु अंथरुणास खिळलेल्या सासूला वर्षानुवर्षें भरविणारी सून, किंवा शेताच्या बांधावरून जडलेलें वैर विसरून भावाच्या उंबरठ्यावर आधीं पाऊल ठेवणारा भाऊ, यांची नोंद कोठें होणार? आपला धर्मग्राम इतकीं वर्षें टिकला तो अशांच्याच प्रीतीवर.

वेदीवरचीं हीं फुलें उद्यां सुकतील. तत्पूर्वीं, ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे त्याच्या दारीं आपण जावें. तो कदाचित् दार उघडणार नाहीं, तरीहि जावें. ही कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.