आधी बादल्या मोजा, मग झाडे लावा



मृगाचा पाऊस जवळ आला की गावोगावी आणि शाळाशाळांतून झाडे लावण्याची तयारी सुरू होते. ही चाल आता जुनी झाली. १९५० साली कन्हैयालाल मुनशी हे देशाचे अन्न व शेती खात्याचे मंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला. अलीकडे, २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत, आपल्या राज्य सरकारने अनुक्रमे दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी झाडांचे संकल्प सोडले. तेव्हा झाडे लावण्याची हौस आपल्याकडे कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण झाड जुलैत लावले जाते आणि मे महिन्यात मरते. म्हणून आज मी मे महिन्याविषयीच बोलणार आहे.

मी एका शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. एका पावसाळ्यात आम्ही पटांगणाच्या कडेने चाळीस रोपे लावली. प्रत्येक रोपाला एकेका मुलाचे नाव दिले. दिवाळीपर्यंत सगळी टवटवीत होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली, आम्ही शिक्षक आपापल्या गावी गेलो. जूनमध्ये शाळा उघडली आणि तिसरीतला एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, माझं झाड कुठं गेलं?" काय सांगणार? त्याच्या नावाची पाटी उभी होती, मागे वाळलेली काडी होती. आम्ही मोजणी केली. चाळिसांपैकी सहा जिवंत. त्यातली चार पाण्याच्या टाकीपाशी होती, जिथे टाकी भरून वाहिली की ओल राहायची. दोन शिपाईमामांच्या दाराशी होती, जिथे मामी भांडी घासायच्या. म्हणजे आम्ही जगवलेले एकही नव्हते! जिथे पाणी आपोआप पडले, तिथे झाड राहिले. तो हिशेब मी पुढे कधी विसरलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात झाडे कमी आहेत का? पण आपली गावे झपाट्याने बदलत आहेत. कालचे खेडे आज तालुक्याचे शहर झाले. कुठे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. आपलीच मुले तिथे गुंठा-दोन गुंठ्यांची जागा घेऊन घर बांधतात आणि उरलेल्या अंगणात चिखल नको म्हणून फरशी घालतात. रस्त्याच्या कडेला नगरपालिका झाडे लावील तेवढी लावील, पण तिथे वर विजेच्या तारा, खाली गटार. शहराला दाट सावली हवी असेल तर घराघरांच्या अंगणांचा त्यात वाटा पाहिजे. एका अंगणातले झाड शेजाऱ्याच्या भिंतीलाही सावली देते. अशी ओळीने शंभर अंगणे झाली की त्या आळीवर छत्र धरल्यासारखे होते.

झाडाखाली गार का वाटते? एक तर ऊन वरच्या वर अडते, भिंत आणि जमीन तापत नाही. दुसरे म्हणजे पाने पाणी हवेत सोडतात. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते, ते सुकताना आतले पाणी गार होते, हे आपल्या घरातले लेकरूही जाणते. झाडाचेही तसेच आहे. मात्र मडके रिकामे असेल तर गारवा कुठून येणार? मुळाशी ओल असली तरच झाड ती वर पाठवील.

म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी झाडाला पिण्याचे पाणी घालावे असे मी म्हणणार नाही. पण अंगणातल्या झाडाला वापरलेले पाणी चालते. आपण हिशेब करू. नव्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी १५ लिटरची एक बादली दिली, तर रोजचे ५ लिटर झाले. घरात पाच माणसे, प्रत्येकाच्या अंघोळीला एक बादली धरली तर रोज ७५ लिटर पाणी मोरीतून गटारात जाते. त्यातले १० लिटर अडवले तरी दोन झाडे जगतात, आणि लहान अंगणात दोन झाडांपेक्षा अधिक मावतही नाहीत. कपडे विसळल्याचे शेवटचे पाणीही चालते. फिनेलचे, ब्लीचिंग पावडरचे किंवा खारट पाणी मात्र घालू नये.

आता लावण्याविषयी. खड्डा आत्ताच, मे महिन्यात घ्या. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची माती वेगळी ठेवा आणि खड्डा ऊन खाऊ द्या. भरताना ती वरची माती आणि कुजलेले शेणखत घाला. ताजे शेण घालू नका, त्याने मुळे भाजतात आणि वाळवी लागते. दोन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की रोप लावा. प्लास्टिकची पिशवी कापून पूर्ण काढा, मुळाभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नका. मुळे गोल गुंडाळलेली असतील तर ती अलगद सोडवा. पिशवीत रोप जितके खोल होते तितकेच जमिनीत ठेवा. आधाराची काठी लावून सुतळी सैल बांधा, आणि बाहेरून बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण करा, नाहीतर शेळी आपला सगळा हिशेब एका घासात मिटवील.

झाड कोणते? मोठे अंगण असेल तर कडुनिंब, आंबा, जांभूळ. भिंतीपासून पंधरा-वीस फूट दूर. लहान अंगणात बकुळ, पारिजातक, कढीपत्ता. वड-पिंपळ देवळापुढे किंवा गावठाणात शोभतात, घराच्या भिंतीशी नकोत. घराच्या पश्चिमेला जागा असेल तर ती आधी धरा, कारण दुपारनंतरचे ऊन तिकडूनच भिंतीवर येते.

पाणी घालण्याचीही रीत आहे. रोज तांब्या-तांब्या ओतल्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच राहतात आणि चार दिवस खंड पडला की झाड माना टाकते. पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी एक बादली, दुसऱ्यात आठवड्याला दोन, तिसऱ्यात पंधरवड्याला चार, हे ढोबळ मान ठेवा. अंतर वाढवत नेले आणि एका वेळी भरपूर दिले म्हणजे मुळे ओलीच्या मागे खाली जातात. काळ्या जमिनीत थोडे लांबवले तरी चालते, मुरमाडात लांबवू नका. शंका आली तर चार बोटे माती उकरून पाहा. ओल लागली तर बादली परत न्या. आळे खोडाला लागून नको. झाड वाढेल तसे आळे रुंद करत जा. आळ्यात पालापाचोळ्याचा तीन बोटे थर द्या, फक्त खोडापाशी तो मोकळा ठेवा. काळ्या मातीला उन्हाळ्यात तडे जातात, ते बुजवा. त्या तड्यांतून ओल उडते आणि कोवळी मुळे तुटतात.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शंभर मुले जेवणानंतर हात धुतात. प्रत्येकी अर्धा लिटर धरले तरी रोज ५० लिटर पाणी होते, म्हणजे दहा झाडांची सोय. पण मुले सुट्टीवर गेली की हे पाणी बंद होते, आणि तेही ऐन वैशाखात! हीच आपली चूक होते. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक रोपाजवळ दीड फुटावर कुंभाराकडचे दहा-बारा लिटरचे साधे, रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर दगडाची चीप ठेवावी. भरले की ते तीन-चार दिवस पाझरत राहते. मग शाळेजवळ राहणाऱ्या दोन-दोन मुलांना एकेक मडके नेमून द्यावे. आठवड्यातून दोनदा भरणे एवढेच काम. वहीत वार लिहून द्यावेत आणि आपण आठवड्याने एक फेरी मारावी. एवढी सोय दहा झाडांची होत नसेल, तर पाचच लावावीत. मे महिन्यात जितक्या बादल्या पोचवता येतील, तितकीच झाडे जुलैत लावावीत. आणि झाडांची मोजणी लावल्या दिवशी न करता तिसऱ्या जूनला करावी.

श्रोतेहो, आज मे महिना सरत आला आहे. मागच्या पावसाळ्यात तुमच्या शाळेत, तुमच्या अंगणात लावलेली रोपे या घटकेला उन्हात उभी आहेत. पाऊस यायला अजून थोडे दिवस आहेत, आणि रोपे बहुधा याच दिवसांत जातात. हे भाषण संपले की उठा, ऊन उतरले असेल तर एक बादली घेऊन जा. पाने गळालेली दिसली तरी लगेच उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवे दिसले, तर झाड अजून तुमची वाट पाहते आहे.