कळपातील प्रत्येक शेळी वेगळी



दूर राहून कामाच्या सूचना देत बसणे याला मराठीत ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ असे म्हणतात. ही म्हण ज्याने घडविली त्याला शेळ्यांची चांगली पारख असली पाहिजे. मेंढरे एकामागे एक चालतात. शेळ्यांचे तसे नसते. एक बोरीवर पुढचे पाय टेकते, दुसरी बांधावरचा पाला ओरबाडते, तर तिसरीची नजर शेजारच्या तुरीवर असते. त्यांना राखायचे तर त्यांच्यातच पायी चालावे लागते. भित्र्या माणसाला ‘शेळपट’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेने मात्र साऱ्या शेळ्यांना एकाच मापाने मोजले. हे माप बदलण्याची गरज भाषेपुरती नाही. लहान कुटुंबाच्या मिळकतीशी तिचा थेट संबंध आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद ही येथील ओळखीची पिके. परंतु कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या भागांतील माळरानांवर ज्यांची जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्यांच्या दारात दोनचार शेळ्या असतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी बहुधा काळ्या रंगाची, काटक आणि जुळी करडे देणारी. तिची ख्याती मांसासाठी असली, तरी घरच्या चहाला आणि लहान मुलांना तिचेच दूध मिळते. दवाखान्याचा खर्च आला किंवा शाळेची पुस्तके घ्यायची झाली, की तीच विकली जाते. गरिबाची गाय आणि अडीनडीची ठेव, अशी तिची दुहेरी योग्यता आहे.

दावणीवरील मानकरी

पाचसहा शेळ्यांच्या कळपातही मानपान ठरलेला असतो. वयाने मोठी, अंगाने भरलेली, शिंगांची शेळी प्रथम खाते. पाट मागे राहते. ‘बळी तो कान पिळी’ हा तेथील कायदा. एकाच टोपल्यात खुराक ठेवला, तर दांडगी शेळी दुसरीचा वाटा खाऊन पोटफुगीने आजारी पडते आणि बुजरी गाभण असूनही उपाशी राहते. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यातील अखेरच्या दीड महिन्यात पोटातील करडांची वाढ सर्वांत जलद होते. त्या काळात बुजऱ्या शेळीला वेगळी बांधून चारणे, एवढ्या साध्या व्यवस्थेने अशक्त करडांचा धोका कमी होतो.

स्वभाव ओळखण्याचा आणखी एक उपयोग आहे. रोज सर्वांना ढुशा देत पुढे येणारी शेळी एखाद्या सकाळी कोपऱ्यात उभी राहिली, तर ताप चढण्याची वाट पाहू नये. मुळातच शांत असलेल्या शेळीबाबत तोच कोपरा काहीच सांगत नाही. म्हणून प्रत्येकीची नेहमीची रीत ठाऊक असणे हीच रोगाची पहिली तपासणी होय.

पान्हा आणि ओळख

काही शेळ्या कोणाच्याही हाताला दूध देतात. काही मालकिणीखेरीज दुसऱ्याला सडाला हात लावू देत नाहीत. परका हात लागताच त्या पान्हा चोरतात. हा हट्ट नव्हे. कासेला ओळखीचा स्पर्श झाला की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते व दूध उतरते. भीती वाटली की अ‍ॅड्रेनालीन त्याला अडविते. यास्तव दूध काढणारी व्यक्ती, वेळ आणि जागा शक्यतो बदलू नये. अशा शेळीला मारून दूध मिळत नाही. उलट दुसऱ्या दिवसाचेही जाते.

माय आणि करडू यांची ओळख फार लवकर पटते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पीटर क्लॉप्फर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, व्यायल्यानंतर अवघी पाच मिनिटे करडू जवळ राहिलेल्या शेळ्यांनी ते नंतरही स्वीकारले. तेवढाही सहवास न लाभलेल्या बहुतेकींनी नाकारले. जुळ्यांपैकी एखादे करडू पुसण्यासाठी लगेच दूर नेण्याची घाई का करू नये, हे यावरून समजते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की झाकण उघडेनासे झाले म्हणजे शेळी जवळच्या माणसाकडे पाहू लागते, आणि त्याचे तोंड तिच्याकडे असेल तर अधिक पाहते. कपाळावर चांद असलेलीला ‘चांदी’ आणि ठिपकेदार असलेलीला ‘बांडी’ अशी हाक मारणाऱ्या घरच्या बाईला यात नवल वाटणार नाही.

योजनेतील अकरा अनोळखी

राज्याच्या नावीन्यपूर्ण योजनेत दहा शेळ्या व एक बोकड असा गट देण्याची पद्धत रूढ झाली. कागदावर तो गट असतो. गोठ्यात मात्र बाजारातून आलेले, एकमेकांना अनोळखी असे अकरा जीव असतात. मान ठरेपर्यंत त्यांच्यात झुंजी होतात, दुबळी उपाशी राहते, प्रवासाच्या ताणात रोग बळावतो. यावर उपाय महागडे नाहीत. नव्या शेळ्या जुन्यांपासून दोनतीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. आंत्रविषार व पी.पी.आर. यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. कळपात सोडताना एकटी न सोडता जोडीने सोडावी आणि चाऱ्याच्या जागा एकीऐवजी अनेक कराव्यात.

शिक्षकांनाही येथे वाटा उचलता येईल. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत अशा विद्यार्थ्यांनी प्रत्येक शेळीसाठी वहीचे एक पान राखावे: वेताची तारीख, करडांची संख्या, दूध, लस आणि स्वभाव. विक्रीची वेळ येते तेव्हा बहुधा खोडकर शेळी प्रथम बाजाराची वाट धरते. आणि ती गेल्यावर उमगते, की पाणी व पाला शोधून कळपाला पुढे नेणारी तीच होती. वहीतील पान समोर असेल, तर हा निर्णय रागावर न होता हिशेबावर होईल.

पंचायतीच्या नोंदवहीत शेळ्यांची संख्या असते आणि ती असावीही. तथापि लाभार्थ्याच्या गोठ्याला भेट देताना ‘शेळ्या किती?’ या प्रश्नापाठोपाठ ‘यांतली मागे राहणारी कोणती?’ हा प्रश्नही घरच्या बाईला अवश्य विचारावा. उत्तर तिच्यापाशी तयार असते. ते ऐकण्यासाठी उंटावरून खाली उतरावे लागते, एवढेच.