मानवी हक्कांचे करार आणि गावची विवाह नोंदवही

(इंदापूर तालुक्यातील कळस येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामपंचायत कार्यालयाच्या कपाटातील विवाह नोंदवहीचा संयुक्त राष्ट्रसंघाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणास वाटणार नाही. पण तो आहे. तो नीट पाहिला, तर सार्वभौम राष्ट्रे मानवी हक्कांचे करार का मान्य करतात, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे हाती येते.

प्रश्न खरोखरच कोड्यात टाकणारा आहे. व्यापारी करारात देवाणघेवाण असते. एकाने जकात कमी केली की दुसराही करतो. मानवी हक्कांच्या करारात मात्र आपण आपल्याच नागरिकांशी कसे वागू, याचे वचन राष्ट्र परक्यांना देते. वचन मोडल्यास कोणी सैन्य घेऊन येत नाही. ठरावीक काळाने अहवाल पाठवावा लागतो व समितीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, इतकेच. ओझे हलके आहे म्हणूनच राष्ट्रे ते उचलतात, असे टीकाकार म्हणतात. आणि काहींच्या बाबतीत ते खोटे नाही. युरोपीय संघाची विशेष जकात सवलत काही देशांना असे करार मान्य केल्यावरच मिळते. तेथे तत्त्वापेक्षा तयार कपड्यांची निर्यात अधिक बोलते.

भारताची कथा निराळी आहे. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच राष्ट्रसंघापुढे नेला. ज्या व्यासपीठावर न्याय मागितला, त्याचे नियम स्वतः नाकारणे शोभले नसते. वंशभेद निर्मूलनाच्या कराराचे भारताने १९६८ मध्ये अनुसमर्थन केले, ते या पार्श्वभूमीवर होय. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. सही म्हणजे केवळ इरादा. अनुसमर्थन म्हणजे बांधिलकी. छळविरोधी करारावर भारताची सही १९९७ ची आहे. अनुसमर्थन अद्याप नाही.

नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा, असे दोन मोठे करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारले. ही तारीख बोलकी आहे. आणीबाणी उठून दोन वर्षे झाली होती. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येऊ नये, यासाठी चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली होती. जे एकदा घडले ते उद्याच्या सरकारास सहजी करता येऊ नये, म्हणून देश कधी कधी स्वतःचेच हात बांधून घेतो. तरीही गाठ थोडी सैल ठेवण्यात आली. बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही, असे भारताने त्याच वेळी नोंदवून ठेवले. पुढे १९९३ मध्ये कोठडीतील एका मृत्यूच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कराराचा आधार घेऊन भरपाई दिली. कागदावरची सही अशी कधी कधी सही करणाऱ्याच्या पुढे निघून जाते.

स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या कराराबाबत हे अधिकच स्पष्ट दिसते. भारताची सही १९८० ची, अनुसमर्थन ९ जुलै १९९३ चे. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीवर अत्याचार झाला. त्यातून उद्भवलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये निकाल देताना, देशात कायदा नसल्याने न्यायालयाने या कराराचाच आधार घेऊन विशाखा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा व्हावयास २०१३ उजाडले. आज शाळा-कचेऱ्यांतून ज्या तक्रार समित्या आहेत, त्यांचे मूळ तेथे आहे.

आता नोंदवहीकडे वळू. याच कराराच्या सोळाव्या कलमात बालविवाहाला कायदेशीर परिणाम नसावा, विवाहाचे किमान वय ठरवावे व प्रत्येक विवाहाची नोंद सक्तीची करावी, असे म्हटले आहे. अनुसमर्थन करताना भारताने निवेदन जोडले, की सक्तीच्या नोंदणीचे तत्त्व मान्य आहे, परंतु नानाविध चालीरीती, धर्म व साक्षरतेचे निरनिराळे प्रमाण असलेल्या एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही. गंमत अशी की, जुन्या मुंबई राज्याने विवाह नोंदणीचा कायदा १९५३ मध्येच केला होता. महाराष्ट्राने १९९८ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला आणि ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे आले. दिल्लीस जे अव्यवहार्य वाटले, ते ग्रामपंचायतीच्या टेबलावर येऊन बसले! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निवेदनाची दखल घेऊनच, सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी, असे सर्व राज्यांना सांगितले.

इंदापूर-बारामती परिसरात गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाई होते. अशा लग्नाची नोंद होत नाही, कारण नोंदीसाठी वयाचा पुरावा लागतो आणि पुराव्यात अठरा वर्षे भरत नाहीत. उद्या नवऱ्याने टाकले किंवा तो अपघातात गेला, तर लग्न झाले होते हे सिद्ध करण्यासाठी त्या मुलीजवळ एक कागदही नसतो. तिची जन्मतारीख बहुधा एकाच ठिकाणी सापडते: ज्या शाळेतून तिचे नाव कमी झाले, त्या शाळेच्या रजिस्टरात. म्हणून शिक्षक आणि ग्रामपंचायत यांची गाठ लग्नापूर्वी पडणे अगत्याचे आहे. लग्नानंतरच्या नव्वद दिवसांत नोंद करता येते. पण पोरीचे वय त्या नव्वद दिवसांत वाढत नाही.

व्यवहार्य नाही, असे सांगणारे १९९३ चे ते निवेदन भारताने अद्याप मागे घेतलेले नाही.